सलग आहे का?

कंपनीत सगळे तिला ताई म्हणायचे, आणि पाठ वळली की नाकाबंदी. हे दुसरं नाव तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. एकदा कुणीतरी गमतीनं तिच्या खुर्चीच्या पाठीला तसा कागद चिकटवला, तर तिनं तो काढला नाही. कोपरे सुटायला लागल्यावर उलट चिकटपट्टी आणून नीट बसवला. वय सत्तावन्न, उंची बेताची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि आवाज असा की ती खालच्या मजल्यावर बोलली तरी वरच्या मजल्यावरच्या माणसाला आपलं काय चुकलं ते कळावं.

कंपनी फाइल सिस्टिम बनवायची. म्हणजे काय, हे तिनं आपल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना एका दमात समजावून ठेवलं होतं. संगणकात डिस्क असते, डिस्कवर जागा असते, आणि कुणाची कोणती गोष्ट कुठे ठेवली हे सांभाळणारा एक कारभारी असतो. तो कारभारी आम्ही बनवतो. नातेवाईक माना डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे, मग टीव्ही दुरुस्त करता का? तिकडे ती कानाडोळा करायची.

या कारभाऱ्याच्या दारात रोज लाखो मागण्या येतात. नेहमीची मागणी एवढंच म्हणते की हे लिहून ठेव. पण एक खास मागणी असते. ती म्हणते, लिहायचं तर अख्खं लिही, नाहीतर एक अक्षरही लिहू नकोस. मध्येच वीज गेली तर जुनं होतं तसं राहू दे, पण अर्धं नवं आणि अर्धं जुनं असलं काही करून ठेवू नकोस. हिला धंद्यात ॲटॉमिक राइट म्हणतात. डिस्कला हे वचन काही अटींवरच पाळता येतं, म्हणून अशी मागणी आली की कारभाऱ्यानं आधी तिची झडती घ्यायची. डिस्कला एका दमात जेवढं लिहिता येतं त्याच्या आत आहे का? चार, आठ, सोळा किलोबाइट अशा ठरलेल्या मापात आहे का? आणि सुरुवात बरोबर खुणेवर आहे का, की मधूनच कुठूनतरी? तीनपैकी एकाही प्रश्नाला नाही असं उत्तर आलं की मागणी दारातूनच परत. पाळता येणार नाही ते वचन द्यायचंच नाही, असा सगळा मामला.

ही झडती नीट होते की नाही हे बघणं ताईचं काम होतं. गेली अकरा वर्षं तिची सही झाल्याशिवाय कुठलीही आवृत्ती कंपनीच्या बाहेर गेली नव्हती, आणि त्या सहीचा तिला जो अभिमान होता तो लपवायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

त्या आठवड्यात जी आवृत्ती बाहेर जायची होती ती एका मोठ्या रक्तपेढीसाठी होती. रक्ताची पिशवी कुणाची, कोणत्या गटाची, कुणाला द्यायची, याची नोंद या आवृत्तीच्या हवाली राहणार होती. शुक्रवारी ती रक्तपेढीच्या हाती पडायची होती. कोड लिहिणारा गडी चाळिशीचा, हुशार, आणि टाइप करण्याच्या वेगामुळे सगळे त्याला बुलेट म्हणत. सोमवारी त्यानं आपलं काम ताईच्या टेबलावर आणून ठेवलं आणि आपण कधी चुकतच नाही अशा थाटात उभा राहिला. ताईनं चष्मा चढवला, झडतीचा भाग दोनदा वाचला आणि मान वर न करता विचारलं, "सलग आहे का?"

बुलेटला कळेना. मग तिनं विचारलं की सोळाची मागणी आली, माप बरोबर, सुरुवात बरोबर, सगळं मान्य. पण त्या फाइलीला डिस्कवर जी जागा मिळाली ती सोळाची एक सलग जागा आहे, की आठ इथे आणि आठ तिथे? दोन तुकडे असतील तर डिस्क ते दोनदा लिहिणार, आणि त्या दोन वेळांच्या मध्ये वीज जाऊ शकते. हे तू कुठे बघतोस?

बुलेट हसला. आपला कारभारी सलग जागाच देतो, असं त्यानं सांगितलं. जागा वाटण्याचा तो भागही त्यानंच लिहिला होता. जे कधी होतच नाही त्यासाठी चौथा प्रश्न घालून प्रत्येक मागणीला दारात ताटकळत ठेवायचं कशाला? तो चुकीचं बोलत होता असंही नाही. चाचणीचे सगळे आकडे त्याच्या बाजूचे होते. ताईनं आकडे पाहिले आणि सही केली नाही.

हा प्रश्न तिच्याकडे आला कुठून हे सांगायला हवं. कॉलेजातून तर नक्कीच नाही. तिचा नवरा शिंपी. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं लांबलचक टेबल, ज्याच्याखाली त्यांची मुलगी रांगायला शिकली, आणि कोपऱ्यात उरल्यासुरल्या तुकड्यांची एक लाकडी पेटी. माणूस स्वभावानं गरीब, पण कात्री हातात आली की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की तो लांबी मोजायचा, रुंदी मोजायचा, काठ सरळ आहे का बघायचा आणि शेवटी कापड दोन्ही हातांत ताणून विचारायचा, सलग आहे का? कारण कितीतरी दुकानदार अडीच मीटर म्हणून सव्वा-सव्वाचे दोन तुकडे गुंडाळून द्यायचे. मापात चूक काढायला जागा नाही, पण कोटाच्या ऐन पाठीवर जोड येणार. "पुरेल, पण सलग नाही," असं म्हणून तो कापडाची घडी घालून परत द्यायचा. तीस वर्षं हे वाक्य कानावर पडल्यावर बायकोला असला प्रश्न सुचला यात नवल ते काय.

सही अडली म्हटल्यावर प्रकरण मॅडमकडे गेलं. मॅडम म्हणजे विभागप्रमुख, वयानं ताईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मोजकी आणि वागायला सरळ. वरच्या लोकांचा विचार चालला होता की एका माणसाच्या सहीवर अख्ख्या कंपनीनं थांबायचं हे आता जुनं झालं. चाचण्या यंत्र करतंच आहे, तर सहीही यंत्रालाच करू द्यावी. मॅडमनं हे ताईपासून लपवलं नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ही आवृत्ती मोडून दाखवा, असं तिनं सांगितलं. मोडली तर थांबवते. नाही मोडली तर ती जाईल, आणि सहीची पद्धतही त्याच दिवशी बंद होईल. तुम्हाला माहितीपुस्तिकेच्या कामावर घेऊ.

ताई म्हणाली, "मोडेल."

एवढ्या खात्रीनं म्हणाली की मॅडमला क्षणभर वाटलं, हिच्या हातात पुरावा आहे. तिच्या हातात काहीसुद्धा नव्हतं. होती ती एक जुनी गोष्ट, आणि ती तिनं कंपनीत कधीच कुणाला सांगितली नव्हती.

एकोणीस वर्षांची असताना ती एका इस्पितळाच्या नोंदणी विभागात टायपिस्ट होती. संगणक नवीन, पंख्याएवढा आवाज करणारे. एका दुपारी ती एका रुग्णाच्या जागी दुसऱ्याची नोंद करत होती. तिनं नाव लिहिलं, रक्तगट लिहिला, दोन्ही कागदाशी ताडून पाहिले, जतन करायचं बटण दाबलं आणि नेमकी वीज गेली. दहा मिनिटांनी आली. यादीत नोंद दिसत होती, म्हणून ती पुढच्या कागदाकडे वळली. त्या नोंदीत नाव नव्या रुग्णाचं होतं आणि रक्तगट जुन्याचा राहिला होता. वॉर्डातल्या एका खमक्या नर्सनं रक्त चढवण्याआधी पुन्हा तपासून घेतलं म्हणून कुणाचा जीव गेला नाही. पण चौकशी झाली, आणि चौकशीत संगणकाला कोण विचारणार? टायपिंगची चूक, असा शेरा तिच्या नावावर पडला. ती रडली, भांडली, कागद घेऊन साहेबांच्या दारात उभी राहिली. साहेबांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं की माणसाकडून होतं असं. माणसाकडून झालेलं नव्हतं, हे तेव्हा जगात फक्त तिला माहीत होतं. पुढे ती संध्याकाळच्या वर्गांना जाऊन संगणक शिकली ती काही आवडीपोटी नव्हे. त्या दुपारी डिस्कनं नेमकं काय केलं, हे तिला समजून घ्यायचं होतं.

मंगळवारी सकाळी तिनं चाचणीच्या खोलीत ठाण मांडलं. खोली आरशासारखी लख्ख, कारण ती खोली ताईची. एक यंत्र, एक डिस्क, भिंतीवर तिच्याच अक्षरातला नियमांचा कागद. तिनं एक लहान प्रोग्राम लावला. तो सोळाच्या जागेत ‘जुने’ हा शब्द काठोकाठ भरायचा, मग त्यावर अख्खाच्या अख्खा ‘नवे’ लिहायचा, मग पुन्हा ‘जुने’, आणि हे न थांबता. ताईनं मधेच प्लग ओढायचा. मग यंत्र चालू करून बघायचं. सगळं जुनं किंवा सगळं नवं निघालं तर वचन पाळलं गेलं. प्लग ओढायला तिथे एक उपकरणही होतं, पण वीज काही वेळापत्रक बघून जात नाही, असं म्हणून ती स्वतःच्या हातानं ओढायची. ओढलं की कागदावर एक रेघ, पाच रेघा झाल्या की आडवी काट.

मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. बुलेट दर दोन तासांनी दारातून डोकवायचा आणि प्लगची तब्येत कशी आहे असं विचारायचा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सहाशे बारा रेघा झाल्या, तिचा उजवा खांदा भरून आला आणि सहाशे बाराही वेळा कारभाऱ्यानं वचन पाळलं. निघताना तिला पहिल्यांदा वाटलं की आपण हट्टाला पेटलो की काय. हा विचार तिला अजिबात आवडला नाही.

घरी आली तेव्हा दुकानात शेवटचं गिऱ्हाईक होतं. नवऱ्यानं त्याला वाटेला लावलं, दोघांचा चहा टाकला आणि बायकोचा चेहरा पाहून काही विचारलं नाही. अशा वेळी ती आपणहून बोलते हे त्याला माहीत होतं. ती बोलली. सहाशे बारा वेळा सलग जागाच मिळते म्हणाली. त्याला तिच्या कामातलं निम्मं कळायचं, पण या आठवड्याची गोष्ट त्याला पुरती कळली होती, कारण ती त्याच्याच पोटापाण्याची होती.

"नवीन ताग्यातून कापलं तर सलगच निघणार की," तो म्हणाला. "जोड लागतो तो पेटीतल्या कापडाला. तू काय त्या डिस्कला रोज नवा तागा देतेस?"

तो सहज चेष्टेत बोलला आणि कपबशा उचलून आत गेला. ताई जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांसमोर चाचणीच्या खोलीतली भिंत आली आणि भिंतीवरचा तो कागद. नियम पहिला: रोज सकाळी डिस्क पूर्ण कोरी करावी. हा नियम अकरा वर्षांपूर्वी तिनं स्वतः घातला होता. काल कुणी केलेला पसारा आजच्या चाचणीत लुडबुडू नये म्हणून. या नियमासाठी ती कितीजणांवर ओरडली होती याला गणती नव्हती. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस तिनं आधी डिस्क पुसली आणि मग सलग जागा मिळते का ते बघत बसली. रक्तपेढीची डिस्क कोण रोज पुसणार होतं? ती वर्षानुवर्षं भरत जाणार, मधले तुकडे रिकामे होत जाणार, आणि तिथे सलग जागा मिळणं मुश्किल होणार. अकरा वर्षं आपण तागा तपासला, पेटी कधी तपासलीच नाही. तिला आधी घाम फुटला आणि मग हसू आलं.

"अहो," ती आत बघून म्हणाली, "मूर्ख आहे मी."

आतून आवाज आला की हे आज कळलं का, आणि नळ सुरू झाला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला ती खोलीत हजर होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं डिस्क पुसली नाही. उलट ती घाण करायला घेतली. डिस्क काठोकाठ लहान लहान फाइलींनी भरली आणि मग एक ठेव, एक पुस, एक ठेव, एक पुस, असं करत गेली. दोन तासांत डिस्कची अशी चाळण झाली की रिकामी जागा भरपूर, पण एका ठिकाणी आठच्या वर कुठेच नाही. मग तिनं बुलेटला बोलावलं आणि प्लग त्याच्या हातात दिला. आज माझा खांदा दुखतोय म्हणाली. खांदा दुखत होता हे खरंच होतं, पण खरं कारण ते नव्हतं हे दोघांनाही कळलं.

सोळाची मागणी दारात आली. माप बरोबर, खूण बरोबर, झडतीत पास. बुलेटनं प्लग ओढला. सगळं जुनं. पुन्हा ओढला. सगळं नवं. ताई रेघा मारत होती. दहाव्या वेळेला बुलेटनं घड्याळाकडे पाहिलं, चौदाव्या वेळेला तो काहीतरी पुटपुटला. एकोणिसाव्या वेळेला यंत्र चालू झालं, पडद्यावर ओळी सरकू लागल्या, आणि निम्म्या वाटेपर्यंत ‘नवे नवे नवे’ येत राहिलं. मग एका ओळीच्या शेवटी ते संपलं आणि पुढची ओळ ‘जुने’नं सुरू झाली. शेवटपर्यंत जुने.

बुलेटनं त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. त्याच्या हातात प्लग तसाच होता. मग तो खाली बसला आणि माझं चुकलं ताई, एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात कसलीही सारवासारव नव्हती. ताईनं त्याला मॅडमला बोलावून आण म्हणून सांगितलं.

मॅडम आली, तिनं पडद्यावरची ती एक ओळ पाहिली आणि तिला समजावून सांगावं लागलं नाही. साडेअकरा वाजले होते. आवृत्ती थांबवली, ती म्हणाली, आणि बुलेटकडे वळली. चौथा प्रश्न घाला. जागा सलग नसेल तर मागणी दारातूनच परत. बुलेट उठलाच होता, तेवढ्यात ताई म्हणाली की थांब, माझं राहिलंय.

तिनं भिंतीवरचा कागद काढला आणि मॅडमच्या हातात ठेवला.

"हा नियम माझा. अकरा वर्षांत केलेल्या माझ्या सगळ्या सह्या कोऱ्या डिस्कवरच्या आहेत," ती म्हणाली. "याच्या कोडात एक प्रश्न कमी होता. माझ्या अख्ख्या तपासणीतच तो कमी होता. मागच्या सगळ्या आवृत्त्या अशा भरलेल्या डिस्कवर पुन्हा तपासायला हव्यात. सोमवारपासून सुरू करते, तुमची हरकत नसेल तर."

हे सांगायला तिच्यावर कुणी बळजबरी केली नव्हती. गप्प बसली असती तर त्या दिवशीची ती जिंकलेली बाई होती आणि कागद भिंतीवरच राहिला असता. मॅडमनं तो कागद दोनदा वाचला. सह्या यंत्राकडे द्यायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. रक्तपेढीला एक आठवडा उशीर होईल असं कळवायला तिनं फोन हातात घेतला, पण लावला नाही.

"सहाशे वेळा काही सापडलं नाही," ती म्हणाली. "तरी तुम्ही मागे हटला नाहीत. का?"

ताईनं गळ्यातला चष्मा पदराशी चाळा करावा तसा बोटात फिरवला. "त्या रक्तपेढीत टेबलाशी कुणीतरी बसलेली असेल ना. ती बरोबरच लिहील. उद्या नोंद अर्धी चुकीची निघाली, तर डिस्कला कुणी विचारणार नाही. तिलाच विचारतील."

मॅडमनं फोन खाली ठेवला. मग तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला विचारलं होतं?"

"हो," ताई म्हणाली. "अडतीस वर्षं झाली. मी बरोबर लिहिलं होतं."